घोडेगावचा हात, सुवॉनचा ओटा

माझं माहेर नेवासे तालुक्यातलं घोडेगाव. नगरहून संभाजीनगरकडे जाताना शिंगणापूरच्या फाट्याजवळ कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते, ते आमचं गाव. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे दक्षिण कोरियात, सुवॉनला आले. आता माझ्या ओट्यावर दोन्हीकडचं रांधलं जातं. नगरच्या, पुण्याच्या मुलींचे फोन येतात. हातात व्हिसा असतो आणि पहिला प्रश्न असतो, "ताई, तिकडं खायचं काय?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. आधी ज्वारी शोधा.

कोरियात ज्वारी मिळते, हे गावाकडे सांगितलं तर बायकांना खरं वाटत नाही. इथे तिला सुसू म्हणतात. चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला घरोघरी पाच धान्यांचा भात करतात, त्यात ज्वारी असते. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला ज्वारीच्या पिठाचे छोटे गोळे उकडून लाल कडधान्याच्या भुग्यात घोळवतात. त्याने बाळाची इडापिडा टळते अशी समजूत आहे. पहिल्यांदा तो पदार्थ पानात आला तेव्हा मला फार बरं वाटलं. ज्या धान्यावर आपण वाढलो, त्याला इथेही मान आहे.

पण ही ज्वारी बहुतेक करून चिकट जातीची असते, आपली मालदांडी नव्हे. उकळत्या पाण्यात मळलं की पीठ परातीला धरून बसतं आणि भाकरीला पापुद्रा सुटत नाही. त्यात निम्मं तांदळाचं पीठ घाला. तेही चिकट तांदळाचं, म्हणजे चापसालचं नको, साध्या मेप्सालचं हवं. पाणी कोमट घ्या. भाकरी लहान थापा, जरा जाड ठेवा. इंडक्शनवर भाकरी फुगत नाही, म्हणून शेवटी ती आचेवर धरायला छोटी बुटेनच्या डब्याची शेगडी घ्या. इथे ती सगळीकडे मिळते. आणि कधी भाकरीचा हट्ट सोडून याच पिठाचं सुसू-बुक्कुमी करा. तव्यावर छोटी पोळी टाकायची, आत लाल कडधान्याचं गोड सारण भरून दुमडायची. पुरणाची सवय असलेल्या हाताला ते शिकवावं लागत नाही.

२. कांद्याची आच बदला.

इथला कांदा पिवळ्या सालीचा, मोठा, पाणीदार आणि गोड. दक्षिणेकडचा मुआन तालुका त्यासाठी प्रसिद्ध आहे. घोडेगावच्या गावरान कांद्याचा झणका त्याला नाही. बुक्कीने फोडून भाकरीशी खायला तो मिळमिळीत लागतो आणि वाटणाला घेतला तर रस्सा गोडूस होतो. म्हणून तो पातळ चिरा, तेल न घालता कढईत पसरा, पाणी आटून कडा काळसर होईपर्यंत परता आणि मगच तेल सोडा. झणक्यासाठी देपा म्हणजे इथली दांडगी कांद्याची पात वापरा. तिचा पांढरा भाग भाजून वाटणात घातला की उग्रपणा येतो.

३. मिरचीचा रंग वेगळा, तिखटपणा वेगळा.

मिरची दोघांचीही मूळची नाही. आपल्याकडे ती पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या बाजूने आली, कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीला जपान्यांशी झालेल्या युद्धाच्या सुमारास पोचली असं मानतात. इथली गोचुगारू बिया काढून जाडसर कुटलेली असते. लालभडक दिसते, पण तिखट बेताची. आमटीत ती तिखटाच्या चमच्याने घातली तर रंग येईल, चव येणार नाही. ती आपल्या ब्याडगीच्या जागी धरा आणि तिखटासाठी चोंगयांग ही हिरवी मिरची ठेचून घाला. तिचा ठेचा उत्तम होतो. उलट, आपली लवंगी किमचीत घालू नका. किमचीत मिरची मुठीने पडते.

४. किमची म्हाताऱ्या बाईकडून शिका.

व्हिडिओत मापं कळतात, पानाचा स्पर्श कळत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीला इथे किमजांग असतो. वर्षाची किमची घालायला नात्यातल्या आणि शेजारच्या बायका जमतात. २०१३ साली युनेस्कोने ही प्रथा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडयांचा चीक हाटायला गल्ली जमते, तसंच हे. मी माझ्या इमारतीतल्या एका आजींच्या शेजारी बसून शिकले. चिनी कोबी उभा चिरून जाड्या समुद्री मिठात मुरवतात. पुरेसा मुरला की नाही हे बघायला आजी देठाकडचा जाड पांढरा भाग दोन बोटांत धरून वाकवायच्या. कट्‌ वाजलं तर अजून वेळ आहे. न मोडता चामड्यासारखा दुमडला, की धुवायला घ्यायचा. मग तांदळाच्या पिठाची पातळ पेज, लसूण, आलं, मुळ्याचे काप, पात आणि गोचुगारू यांचा लगदा एकेका पानाच्या आत बोटांनी सारवायचा. बाहेरून चोपडलेली किमची आतून फिकी राहते. डबा गळ्यापर्यंत भरायचा नाही, कारण आंबताना रस वर येतो.

५. शाकाहारी असाल तर स्पष्ट विचारा.

नेहमीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो. सूपचं पाणी बहुधा सुक्या मासळीचं असतं. "मांस नाही ना?" एवढंच विचारलं तर समोरचा खरेपणाने "नाही" म्हणेल आणि मासळी पानात येईल. माळकरी घरातल्या मुलींनी हे नीट लक्षात ठेवावं. घरी करताना दासिमा या समुद्री पाल्याचं पाणी आणि सोया सॉस वापरा, चव उणी पडत नाही. बौद्ध मठांतलं जेवण हा दुसरा भरवशाचा आधार. तिथे मांस-मासळी नसते, आणि कांदा-लसूणही नसतो.

६. उपासाची काळजी नको.

साबुदाणा शोधत फिरू नका. इथली रताळी मधासारखी गोड असतात आणि हिवाळाभर मिळतात.

७. दोन पदार्थांची मोट कारण असेल तरच बांधा.

किमची घातलेला मसालेभात मला पटत नाही. इथला आखूड, चिकट तांदूळ त्याला मोकळेपणा देत नाही आणि किमचीचा आंबटपणा गोड्या मसाल्याशी भांडतो. त्या तांदळाचा दहीभात करा, तो छान होतो. सोयाबीनच्या आंबवलेल्या द्वेनजांगला हिंग-मोहरीची फोडणी देऊ नका, त्याचा स्वतःचा वास पुरेसा आहे. जिथे दोन्हीकडची कृती एक आहे, तिथे मात्र बिनधास्त हात घाला. सोललेल्या मुगाचं धिरडं आणि इथलं बिंदेत्तोक एकाच भिजवलेल्या, वाटलेल्या पिठाचं. सुजेबीत कणकेचे तुकडे तोडून उकळत्या रश्शात सोडतात. शेंगोळे करणाऱ्या नगरी बाईला त्यात नवीन काय? मी हुलग्याचं पीठ गावाकडून आणते आणि इथल्या मुळ्याचा पाला घालून शेंगोळे करते. आजी दोनदा मागून घेतात.

८. कोथिंबिरीसाठी व्हिएतनामी दुकान.

कोरियन लोकांना कोथिंबीर सहसा आवडत नाही, व्हिएतनामी बायकांचं तिच्यावाचून अडतं. चिंचही त्यांच्याकडेच मिळेल. तूरडाळ आणि मसाले सोलमध्ये इतेवॉनच्या मशिदीजवळच्या दुकानांत किंवा आन्सानला मिळतात. तिथे नेपाळी, बांगलादेशी, उझबेक कामगारांची दुकानं आहेत. चार देशांच्या बायका एकाच फळीसमोर डाळ निवडतात, आणि तिथे मिळालेली माहिती फार कामाची असते.

९. कचऱ्याचा नियम पहिल्याच आठवड्यात शिका.

कोरियात ओला कचरा वेगळा गोळा होतो आणि वजनाप्रमाणे किंवा आकारमानाप्रमाणे पैसे पडतात. कांद्या-लसणाच्या साली मात्र बहुतेक ठिकाणी साध्या कचऱ्यात जातात, कारण ओल्याचं जनावरांचं खाद्य किंवा खत होतं.

१०. गावी आलात की मुळ्याची किमची घाला.

घोडेगावच्या बाजारात चिनी कोबी मिळत नाही, मुळा मिळतो. त्याची काकदुगी होते. एक किलो मुळ्याच्या बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा, साधारण २५ ग्रॅम जाडं मीठ लावून तासभर ठेवा, पाणी निथळा. आधी जाडसर कुटलेली ब्याडगी चोळा म्हणजे रंग धरतो. मग लसूण, आलं, पात आणि तांदळाच्या पिठाची पेज. बरणी एक-दोन दिवस बाहेर ठेवा, आंबट वास आला की फ्रीजमध्ये. वैशाखाच्या उन्हात ती एका दिवसात आंबून जाते, म्हणून थंडीतच करा. आपला मुळा इथल्यापेक्षा तिखट आहे, त्यामुळे ही काकदुगी बाजरीच्या भाकरीबरोबर सुवॉनच्या काकदुगीपेक्षाही चांगली लागते. बाजारात कोवळा मुळा आहे तोवर एकदा घालून बघा.