निळ्या दिव्याचा स्फटिक : गॅलियम नायट्राइड

विजेच्या दिव्याचा पाठ देताना आपण काचेच्या फुग्यातील तारेकडे बोट दाखवीत आलो. तार तापते म्हणून प्रकाश पडतो, हे वाक्य मुलांच्या तोंडी बसले आहे. परंतु आज घरोघरी लागणाऱ्या एलईडी दिव्यात तशी तापणारी तारच नसते. एखाद्या मुलाने ती शोधली आणि शिक्षकापाशी उत्तर नसले, तर विज्ञान केवळ पाठांतराचा विषय होईल. म्हणून या दिव्याच्या मुळाशी असलेल्या पदार्थाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. या दोहोंमधील पदार्थ ते अर्धवाहक होत. सिलिकॉन हा एकाच मूलद्रव्याचा अर्धवाहक. गॅलियम नायट्राइड हा गॅलियम व नायट्रोजन यांच्या संयोगाने बनलेला, म्हणून संयुग अर्धवाहक. गॅलियम हा धातू सुमारे ३० अंश सेल्सिअसला, तळहाताच्या उबेनेही वितळतो. परंतु नायट्रोजनशी संयोग पावताच त्याचा कठीण व उष्णता सोसणारा स्फटिक होतो.

दिव्यातील स्फटिकाच्या एका भागात इलेक्ट्रॉन अधिक, तर दुसऱ्या भागात त्यांच्या रिकाम्या जागा अधिक असतात. वीज जोडली म्हणजे इलेक्ट्रॉन त्या जागांत उतरतात आणि उतरताना सुटलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. पायरी लहान असेल तर प्रकाश लाल, उंच असेल तर निळा. गॅलियम नायट्राइडची पायरी सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे अतिनील किरणांइतकी उंच आहे. त्यात थोडे इंडियम मिसळून ती निळ्या प्रकाशाच्या मापाची करतात.

अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली लाल दिवा तयार केला. तेजस्वी निळ्या दिव्यास मात्र आणखी तीस वर्षे लागली, कारण हा स्फटिक निर्दोष वाढत नव्हता. जपानमध्ये इसामू अकासाकी व हिरोशी अमानो यांनी १९८६ साली नीलमण्याच्या चकतीवर ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन त्यावर चांगला स्फटिक वाढविला. शूजी नाकामुरा यांनी १९९३ साली तेजस्वी निळा दिवा सिद्ध केला. या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप दिला की दोन्ही प्रकाश मिसळून पांढरा उजेड पडतो. हाच पदार्थ रडारमध्ये व मोबाइलच्या लहान, जलद चार्जरमध्येही वापरतात.

वर्गातील प्रयोग : एक लाल व एक निळा सुटा एलईडी, २२० ओहमचा रोधक आणि दीड व्होल्टचे तीन सेल घ्यावेत. रोधक मंडलात ठेवून प्रथम दोन सेल जोडावेत. लाल दिवा स्पष्ट लागेल. निळा अगदी मंद दिसेल. तिसरा सेल जोडताच निळा उजळेल. दोन सेलांवर लाल दिवा उलटा जोडून पाहावा. तो लागणार नाही. कारण आधी मुलांना विचारावे, मग सांगावे. घरातील विजेचा दिवा मात्र कधीही उघडू नये, ही ताकीद अवश्य द्यावी.

तारेचा जुना पाठ खोटा ठरलेला नाही. प्रकाश मिळविण्याची ती एक रीत होती. ही दुसरी रीत मुलांनी स्वतःच्या हातांनी पडताळावी, इतकाच या पाठाचा हेतू आहे.