नळपार

चित्रकार म्हटला की एकांतात बसून काम करणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. चित्र पुरे झाल्यावर तो ते लोकांपुढे ठेवतो. लोक पाहतात, वाखाणतात आणि घरी जातात. परंतु ज्यांच्यासाठी कलाकृती घडवावयाची त्यांनाच आधी बोलू द्यावे, आणि त्यांच्या बोलण्यातून तिला आकार यावा, असेही घडू शकते.

बस्तरमधील कोंडागाव ओतीव धातूच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. हा प्रदेश आज छत्तीसगड राज्यात मोडतो. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या नवज्योत अल्ताफ यांनी १९९७ पासून राजकुमार कोराम, शांतीबाई इत्यादी तेथील कलावंतांबरोबर काम करण्यास आरंभ केला. पुढे या मंडळींनी कामासाठी जागा निवडली ती हातपंपाची, म्हणजे आपल्या हापशाची!

हापशाभोवती काय असते, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. सांडलेले पाणी साचते, चिखल होतो, पाय घसरतो. पाणी भरावयाचे ते बहुधा स्त्रियांनी आणि मुलींनी. भरलेला हंडा जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना कमरेला हिसका बसतो. एकटीला तर ते फारच जड जाते. हे दुःख रोजचेच, म्हणून त्याविषयी कोणी विचारीत नाही. या कलावंतांनी स्त्रियांशी बोलणी केली, त्यांची अडचण जाणून घेतली, आणि मग आराखडे केले. अशा कामाला वेळ फार लागतो. चार माणसे बोलू लागली म्हणजे मतभेद आलेच. ते टाळून पुढे जाता येत नाही.

यातून जे उभे राहिले त्याला 'नळपार' म्हणतात. हे नाव ऐकून आपल्याला पिंपळाचा पार आठवेल, आणि ते अगदीच चुकीचे नाही. पाण्यासाठी आलेल्या बायका येथे घटकाभर बोलतही उभ्या राहतात. मुलांना एकत्र जमण्यासाठी अशाच रीतीने 'पिल्ला गुडी', म्हणजे मुलांची देवळे, बांधली गेली.

"हे तर गवंड्याचे काम, यात कला कोठे आहे?" असे कोणी विचारील. त्याने नळपाराची भिंत जवळून पाहावी. तिच्यावर कलावंतांनी घडविलेल्या आकृती आहेत, आणि भांडे टेकविण्यासाठी जागाही आहे. वाकून उचललेला हंडा आधी तेथे टेकवावयाचा, क्षणभर दम घ्यावयाचा आणि मग तो डोक्यावर घ्यावयाचा. एकटी आलेली मुलगीही तो उचलू शकते.