घशातल्या गाठी

पोराला ताप येतो. घसा दुखतो. आवंढा गिळवत नाही. भाकरीचा घास तोंडात तसाच राहतो. आई म्हणते, "गाठी आल्या." डॉक्टर म्हणतात, "टॉन्सिल सुजले." दोघांचं म्हणणं एकच.

या गाठी कसल्या? घरी कधी थांबावं? दवाखान्यात कधी जावं? ते या धड्यात वाचू.

गाठी कशासाठी असतात?

मुलाला उजेडात बसवा. तोंड उघडायला सांगा. आत मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना दोन मऊ गाठी दिसतात. तेच टॉन्सिल. ते सगळ्यांनाच असतात. तो रोग नव्हे.

गावाच्या वेशीवर राखणदार असतो ना? तशा या गाठी घशाच्या दारात असतात. तोंडातून, नाकातून रोगजंतू आत येतात. गाठी त्यांना अडवतात. या झटापटीत कधी कधी त्या लाल होतात, सुजतात. लहानपणी गाठी मोठ्या असतात. पुढे आपोआप लहान होतात. म्हणून नुसत्या मोठ्या दिसल्या तर घाबरू नये.

लोक चिंचेला, बोरांना, बर्फाच्या गोळ्याला दोष देतात. आंबट खाल्लं की दुखरा घसा चुरचुरतो, हे खरं. पण दुखणं आणतात ते रोगजंतू. ते खोकल्यातून, शिंकेतून आणि उष्ट्या पेल्यातून पसरतात. म्हणून आजाऱ्याचा पेला वेगळा ठेवावा. हात साबणाने धुवावेत.

घरी काय करावं?

बहुतेक वेळा हे दुखणं सर्दीसारखंच असतं. नाक वाहतं. खोकला येतो. आवाज बसतो. आठवडाभरात ते आपोआप बरं होतं. जंतू मारणाऱ्या गोळ्यांचा त्यावर उपयोग होत नाही. इंजेक्शनाचा हट्ट धरू नये.

आजाऱ्याला विश्रांती द्या. पेज, मऊ भात, वरण द्या. पाणी पुष्कळ पाजा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करायला सांगा. लहान मुलाला गुळण्या जमत नाहीत. त्याला कोमट पाणी घोट घोट द्या. तापावर पॅरासिटामॉल चालते. पण किती द्यायची ते मुलाच्या वजनावर ठरतं. आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारूनच द्या.

घशात बोट घालून गाठी दाबू नका. राख, चुना लावू नका. त्याने जखम होते.

घशाचं दुखणं हृदयाला

कधी कधी दुखणं दुसऱ्या जातीच्या जंतूंचं असतं. एकदम जोराचा ताप येतो. खोकला, सर्दी नसते. गाठींवर पांढरे ठिपके दिसतात. जबड्याखाली हात लावला की दुखतं. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना हे जास्त होतं. अशा मुलाला घरी ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा.

का? कारण घसा बरा झाला, तरी दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात. आज गुडघा दुखतो, उद्या घोटा. त्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. पंपाची झडप बिघडली की पाणी मागे येतं. तसंच हृदयाचं होतं. पुढे थोडं चाललं तरी दम लागतो. घसा दुखतो चार दिवस, पण हृदयाचं दुखणं जन्मभर राहतं.

हे टाळता येतं. त्यावर पेनिसिलिन हे औषध आहे. ते १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी शोधलं. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी कारखाना निघाला, तो हेच औषध करण्यासाठी. मात्र औषध पुरतं घ्यावं लागतं.

दवाखान्यात एक आई नर्सबाईंना विचारते:

"बाई, तीन दिवसांत ताप उतरला. पोरगं खेळाय लागलं. उरलेल्या गोळ्या ठेवून देऊ का? पुढच्या वेळेला होतील."

"नको ताई. तण वरवर कापलं तर काय होतं?"

"पुन्हा उगवतं."

"तसंच हे. ताप उतरला म्हणजे सगळे जंतू मेले असं नाही. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितलेत, तर दहा दिवस द्या. रोज गोळी दिली की कॅलेंडरवर खूण करा."

पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावं.

ताबडतोब दवाखाना गाठा

१. श्वास घेताना घरघर होते, दम लागतो.
२. थुंकीही गिळवत नाही, लाळ गळते.
३. एकाच बाजूला फार दुखतं, तोंड उघडत नाही. गाठीमागे पू झाला असेल.
४. घशात राखाडी पापुद्रा दिसतो, मान सुजते. हा घटसर्प असू शकतो.
५. मूल पाणी पीत नाही, लघवी कमी होते.

अशा वेळी रात्र असली तरी थांबू नका. १०८ नंबरला फोन करा.

घटसर्पावर लस आहे. ती बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांनी देतात. पुढे दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच वर्षांनंतर पुन्हा देतात. १० व्या आणि १६ व्या वर्षीही देतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

मोठ्या माणसाची एकच गाठ वाढली, किंवा घशातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर तपासून घ्यावं. तंबाखू खाणाऱ्याने, विडी ओढणाऱ्याने तर अंगावर काढूच नये. तो कर्करोगही असू शकतो.

गाठी काढाव्या का?

पूर्वी गाठी सर्रास काढत. आता डॉक्टर आधी हिशेब विचारतात. एका वर्षात ७ वेळा घसा जोराने दुखला का? दोन वर्षं दर वर्षी ५ वेळा? किंवा तीन वर्षं दर वर्षी ३ वेळा? तसं असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. मूल रात्री घोरतं आणि झोपेत त्याचा श्वास मधेच थांबतो, तरीही करतात.

हा हिशेब कोण ठेवणार? आपणच. "लई वेळा दुखतं बघा," एवढ्याने डॉक्टरांना कळत नाही. आता आपल्याला लिहिता येतं. एक वही करा. त्यात असं लिहा:

१० जून. घसा दुखला. ताप. ४ दिवस.
२ ऑगस्ट. घसा दुखला. पांढरे ठिपके. डॉक्टरांकडे नेलं. १० दिवस गोळ्या.

ही वही दवाखान्यात बरोबर न्या.

उत्तरे द्या

१. टॉन्सिल कुठे असतात? ते काय काम करतात?
२. ताप उतरल्यावर गोळ्या बंद का करू नयेत?
३. ताबडतोब दवाखान्यात न्यावं अशा तीन खुणा सांगा.
४. आपल्या घरात कुणाचा घसा कधी दुखला? तारीख आठवून वहीत लिहा.