चाकाच्या खुर्चीसह रोपवेने रायगडावर

गारगोटीतून रायगडाची सहल ठरली की घरातलं चालता न येणारं माणूस आपणहून म्हणतं, ‘तुम्ही जाऊन या.’ तसं होऊ देऊ नका. पायवाटेच्या चौदाशेहून अधिक पायऱ्या त्या माणसाला शक्य नसतील, पण १९९६ पासून हिरकणीवाडीतून रोपवे आहे आणि तो चार-पाच मिनिटांत वर नेतो. तयारी मात्र घरातून सुरू करावी लागते.

आधी खुर्ची मोजा: उघडी असताना रुंदी, घडी केल्यावर रुंदी आणि वजन. हे आकडे हाताशी घेऊन रोपवेच्या कार्यालयाला फोन करा. ट्रॉलीचं दार किती रुंद, खुर्ची आत घेतात की वेगळ्या ट्रॉलीतून पाठवतात, फलाटापर्यंत पायऱ्या किती आणि वर उतरल्यावर किती, हे विचारा. ‘व्हीलचेअर चालते का?’ एवढंच विचारलंत तर ‘चालते’ एवढंच उत्तर मिळेल आणि त्याचा काही उपयोग नाही.

ट्रॉली लहान असते. माणसाला खुर्चीतून उचलून आतल्या बाकावर बसवावं लागेल असं धरूनच चला आणि त्याचा सराव घरी कॉटवर करा. खुर्ची बाकाला थोडी तिरकी लावा; एका बाजूला जोर कमी असेल तर चांगली बाजू बाकाकडे ठेवा. दोन्ही ब्रेक लावा. टायरमध्ये हवा कमी असेल तर ब्रेक नीट धरत नाही, म्हणून निघण्यापूर्वी हवा भरा आणि पंप सोबत ठेवा. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि उचलताना तो पट्टाच धरा. काखेत हात घालून ओढलं की खांदा दुखावतो, लकवा झालेल्या बाजूचा तर हमखास. कधी उचलायचं ते बसलेल्या माणसाने सांगायचं. ‘एक, दोन, तीन’ त्याच्याच तोंडून येऊ दे.

सराव जमला की एकदा भुदरगडावर जाऊन या. गाडी बरीच वर जाते आणि खडबडीत जमिनीवर खुर्ची कशी वागते ते तिथं कळतं.

रायगडाचा प्रवास लांबचा आहे: कोल्हापूर, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण, महाड. खुर्चीतली गादी गाडीतही खाली घ्या. मणक्याला इजा झालेल्या माणसाला संवेदना नसल्यामुळे जखम होत असली तरी कळत नाही, म्हणून थोड्या थोड्या वेळाने त्याला बाजूला झुकवत राहा. लघवीची पिशवी लावलेली असेल तर रांगेत उभं राहण्याआधी ती रिकामी करा.

फलाटावर ट्रॉली पूर्ण थांबल्याशिवाय हलू नका. एकाने आधी आत जायचं, एकाने बाहेरून आधार द्यायचा. माणूस बसल्यावर गादी काढा, बैठकीचं कापड मधोमध वर ओढून खुर्ची मिटवा. ती वेगळ्या ट्रॉलीतून जाणार असेल तर तिच्यासोबत आपला माणूस बसवा.

खुर्चीऐवजी बॅटरीवरची स्कूटर इथं नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ती जड असते आणि गडावरच्या दगडी पायऱ्यांवर निरुपयोगी ठरते. दुसऱ्या एखाद्या रोपवेत नेलीच, तर आत गेल्यावर चावी बंद करा आणि ढकलण्यासाठी सोडलेला खटका परत अडकवा. तो सुटा राहिला तर मोटरचा ब्रेक लागत नाही आणि गाडी घरंगळते.

वरच्या स्थानकाबाहेर पायऱ्या आहेतच. खुर्ची पाठमोरी करून मागे कलती धरा. एक जण मागच्या मुठींवर, दोघे पुढून सांगाड्याला. हाताची किंवा पायाची पट्टी धरून उचलू नका, ती निसटून हातात येते. चार धडधाकट माणसं सोबत नसतील तर स्थानकाजवळून दिसणारं खोरं पाहून परता, किंवा आधी वणीच्या सप्तशृंगीला जा. तिथं २०१८ पासून रुळांवरून चढणारी मोठी ट्रॉली आहे, ती दोरावर झुलत नाही. पुढे किती पायऱ्या उरतात ते मात्र विचारून घ्या.

हे सगळं कुटुंबाच्या दंडावर सोडायची गरज नसते. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये २०१९ साली सुरू झालेल्या स्कायलायनर या रोपवेमध्ये बहुतेक स्थानकांवर खुर्चीवाल्यांसाठी वेगळा फाटा आहे. ट्रॉली तिथं थांबते आणि माणूस खुर्चीसकट आत जातो. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिणाऱ्या नसीमा हुरजूक आपल्याच कोल्हापूरच्या. म्हणून परत आल्यावर दाराची रुंदी, पायऱ्यांची संख्या आणि आलेली अडचण लिहून रोपवेच्या कार्यालयाला पाठवा, आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या.