आजाऱ्याच्या उशाशी : नियम की तत्त्व?



करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ या वर्षांत, एक प्रश्न असंख्य घरांत अचानक येऊन पडला. नातेवाइकांना रुग्णालयात आत जाण्याची बंदी होती. रात्री-अपरात्री फोन येई आणि पलीकडून डॉक्टर विचारीत, "तुमच्या वडिलांचे हृदय बंद पडले तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करायचा का? व्हेंटिलेटर लावायचा का?" फोन धरलेल्या मुलाला किंवा सुनेला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु हा प्रश्न संपलेला नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराशी तो आजही विचारला जातो. म्हणून घरात कोणी आजारी नसताना त्याचा शांतपणे अभ्यास करणे, हेच शहाणपणाचे होय.

धर्मांतरापूर्वी या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आयते मिळत असे. सटवाईने कपाळी लिहिले ते टळत नाही, म्हणून एक तर हात जोडून बसायचे, नाही तर नवस बोलायचा. धम्म स्वीकारल्यावर सटवाईचा तो लेख पुसला गेला; पण त्याचबरोबर विचार करण्याची जबाबदारी आपल्यावर आली. आपल्यापैकी पुष्कळ घरांत रुग्णालयाचा फॉर्म वाचू शकणारी ही पहिलीच पिढी आहे. वडिलांनी अंगठा उमटविला, आपण सही करतो. पण कागद न समजता केलेली सही आणि अंगठा यांत फरक तो काय?

आधी वस्तुस्थिती

हृदय बंद पडल्यावर छाती जोराने व वेगाने दाबायची, कृत्रिम श्वास द्यायचा, गरज पडल्यास विजेचा झटका द्यायचा, याला सीपीआर म्हणतात. छाती दाबण्याची आजची पद्धत १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी जगापुढे मांडली. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. त्यात म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या पुष्कळदा मोडतात. सिनेमात दाखवितात तसा रोगी लगेच उठून बसत नाही.

करोनात काय घडले? अमेरिकेतील ६८ रुग्णालयांतील अत्यवस्थ करोना रुग्णांचा २०२० साली अभ्यास झाला. त्यांतील ४०० जणांना हृदय बंद पडल्यावर सीपीआर देण्यात आला. जिवंत घरी गेले ते ४८. पंचेचाळिशीच्या आतील शंभरांत साधारण २१ वाचले, तर ऐंशीच्या पुढील शंभरांत तीनच. याचा अर्थ सीपीआर निरुपयोगी आहे असा नव्हे. तरणाताठा माणूस अचानक कोसळला तर हाच उपाय त्याला परत आणतो. परंतु ज्याचे सारे शरीर आजाराने खचले आहे, त्याला तो बहुधा परत आणीत नाही. त्याचे अखेरचे क्षण मात्र क्लेशाचे करतो.

दोन नियम, दोन्ही आंधळे

पहिला नियम असा : म्हातारा आहे, अपंग आहे, मग प्रयत्न नको. २०२० च्या वसंतात इंग्लंडात हेच घडले. वृद्धाश्रमांतील आणि अपंगांच्या निवासांतील कित्येकांच्या कागदांवर "हृदय चालू करण्याचा प्रयत्न करू नये" असा शेरा एकगठ्ठा मारला गेल्याच्या तक्रारी आल्या. वास्तविक रुग्णाला विचारल्याशिवाय असा शेरा मारू नये, असे तेथील अपील न्यायालयाने २०१४ सालीच सांगितले होते. सरकारी तपासणी आयोगाचा अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साथीच्या काळात घेतलेल्या अशा ९,६७९ निर्णयांपैकी ५०८ निर्णय रुग्णाशी वा त्याच्या माणसांशी न बोलताच झाले होते, असे त्यात आढळले. माणसाकडे माणूस म्हणून न पाहता त्याच्या गटावरून त्याची किंमत ठरविणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा नियम आपल्या घरांतला : काहीही होवो, शेवटपर्यंत सारे करायचे, नाही तर भावकी काय म्हणेल? येथेही रुग्णाला कोणी विचारीत नाही. पहिल्या नियमात त्याला टाकून दिले जाते, तर दुसऱ्यात त्याच्या देहावर आपली लाज राखली जाते.

बाबासाहेबांनी दाखविलेला फरक

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. भगवंतांनी अहिंसा नियम म्हणून लादली नाही, तत्त्व म्हणून सांगितली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नियम म्हटला की विचार थांबतो. तत्त्व म्हटले की विचाराला सुरुवात होते.

मग प्रश्न असा की, प्रयत्न नको म्हणणे म्हणजे पहिल्या शीलाचा भंग नव्हे काय? धम्मात कर्माचे मूळ चेतनेत आहे. जीव घेण्याच्या इच्छेने केलेले कृत्य वेगळे, आणि आजार आता उपायांच्या पलीकडे गेला हे जाणून देहाला आणखी पीडा न देणे वेगळे. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. आजाऱ्यापुढे मरणाची थोरवी गाऊन त्याला मरणाकडे वळविणारा भिक्खू पाराजिक ठरतो, म्हणजे संघातून कायमचा बाद होतो, असे विनय सांगतो. "आता तुमचे काय राहिले, सुटा एकदाचे," असे आईला सुचविणारा मुलगा या कसोटीवर कसा उतरेल, हे ज्याचे त्याने पाहावे.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलू. पैसे संपले म्हणून माणूस घरी नेणे ही एक गोष्ट. उपचारांचा उपयोग उरला नाही म्हणून थांबणे ही दुसरी. पहिलीला दुसरीचे नाव देऊ नये. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. आधी त्यांना भेटावे, हक्काचे मागावे, आणि मगच काय ते ठरवावे.

नकुलमातेचा पाठ

अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या गृहस्थ जोडप्याची हकीकत आहे. नकुलपिता फार आजारी पडला. नकुलमातेने आजाराचे नाव टाळले नाही, की खोटा धीरही दिला नाही. ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली की, चिंता घेऊन मरण पत्करू नका. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते. मुलांचे आणि घराचे मी पाहीन. शीलापासून आणि धम्मापासून मी ढळणार नाही. त्याच्या मनातील एकेक भीती तिने अशी नाव घेऊन दूर केली. पुढे तो बरा झाला आणि काठी टेकीत तथागतांच्या दर्शनास गेला.

मरणाविषयी बोलले की मरण येते, ही अंधश्रद्धा होय. नकुलमाता बोलली, आणि त्याचे मन हलके झाले. आपल्या घरात असे बोलणारे कोण आहे?

कायदा काय सांगतो

सन्मानाने मरणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ठरविले. बाबासाहेबांच्या देखरेखीखाली घडलेल्या घटनेतील अनुच्छेद २१ मधूनच हा अर्थ निघाला. अठरा वर्षांवरील कोणीही शहाणा माणूस आपली इच्छा आधीच लिहून ठेवू शकतो. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती रीत सोपी झाली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही. आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावे त्यात घालावयाची असतात. लेखी इच्छा नसेल तर कृत्रिम उपचार थांबविण्याचा निर्णय डॉक्टरांची दोन मंडळे कुटुंबाच्या संमतीने घेतात. इंजेक्शन देऊन जीव घेणे हा मात्र गुन्हाच आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली 'प्रयत्न करू नये', म्हणजे डीएनएआर, या निर्णयाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हा निर्णय फक्त सीपीआरपुरता असतो. औषध, प्राणवायू, वेदनाशमन आणि शुश्रूषा पुढे चालूच राहतात. "सही केली म्हणजे आता कोणी बघणार नाही," असे घडत असेल तर त्याविरुद्ध बोलण्याचा आपल्याला हक्क आहे.

घरात करावयाचे

१. धडधाकट असतानाच वडीलधाऱ्यांना विचारा. आईलाही विचारा, तिच्या वतीने परस्पर बोलू नका.

२. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. आजार बरा होण्यासारखा आहे का? हृदय चालू झाले तरी माणूस शुद्धीवर येईल का? उपचार किती दिवस करून पाहायचे? प्रयत्न न केल्यास धाप आणि वेदना यांवर काय देणार?

३. फॉर्म मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. प्रकृती पालटली तर निर्णयही बदलता येतो.

४. निर्णय एकाच्या डोक्यावर टाकू नका. ज्याने फोन घेतला त्याला पुढे जन्मभर बोल लावू नका. विचारून, समजून आणि करुणेने घेतलेला निर्णय, मग तो 'हो' असो वा 'नको', निर्दोष होय.

अभ्यासासाठी प्रश्न (विहारात किंवा घरी चर्चा करावी)

१. नियम आणि तत्त्व यांतील फरक आपल्या घरातील एका उदाहरणाने सांगा.

२. नकुलमातेने पतीच्या कोणत्या भीती दूर केल्या? आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना कोणती भीती असेल?

३. आपल्या वतीने कोणी बोलावे, हे तुम्ही स्वतः ठरविले आहे काय? त्या व्यक्तीला ते सांगितले आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नका. ते आज रात्री जेवताना घरात बोला.

जय भीम.