शंका-समाधान : सांताक्रूझचा पारा आणि गासची थंडी

*आमच्या आजोबांच्या तोंडी १९६२ सालची थंडी कायम असे. त्या वर्षी केळीची बाग करपली, असे ते सांगत. मुंबईचा विक्रम त्याच साली झाला का? आणि आमच्या गासला तेव्हा किती थंडी पडली असेल? (एक बागायतदार, गास)*

तुमच्या आजोबांनी साल बरोबर धरले आहे. २२ जानेवारी १९६२ च्या पहाटे सांताक्रूझला किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअस नोंदले गेले, आणि मुंबईचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. पण त्याच पहाटे कुलाब्याला पारा ११.७ अंशांवर होता. शहर एकच, तरी फरक चार अंशांहून जास्त. म्हणून 'मुंबईचे तापमान' असे कोणी म्हटले की मी आधी विचारतो, कुठल्या वेधशाळेचे?

उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून कोरडा, गार वारा खाली उतरतो. आभाळ निरभ्र असले की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. त्यात रात्रीचा मतलई वारा आतल्या भागातली गार हवा किनाऱ्याकडे ढकलतो. कुलाब्याला तिन्ही बाजूंनी पाणी, त्यामुळे तिथे पोहोचेपर्यंत ही हवा थोडी उबदार होते. सांताक्रूझला हा फायदा मिळत नाही. गासचा समुद्र जवळ असला, तरी पहाटेचा वारा समुद्रावरून येत नाही, जमिनीवरून येतो. त्यामुळे तुमचा हिशेब कुलाब्यापेक्षा सांताक्रूझशी जुळेल. गासला तेव्हा वेधशाळा नव्हती. नेमका आकडा सांगणारा कोणी भेटलाच, तर थर्मामीटर कुठे टांगला होता एवढे त्याला विचारा.

हा प्रश्न मी थट्टेने सुचवत नाही. वेधशाळेचा पारा जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. शांत, निरभ्र पहाटे जमिनीलगतची हवा त्याहून दोन-तीन अंशांनी सहज गार असते. भाजीच्या वाफ्याला सोसावी लागते ती ही जमिनीलगतची थंडी.

बागेचे म्हणाल, तर करपायला बर्फच पडायला हवा असे नाही. पारा १२ अंशांखाली उतरला की केळीच्या पानांना इजा होऊ लागते, वाढ थांबते आणि निसवणीला आलेला घड खोडातच अडकतो. अशा रात्रींच्या आधी संध्याकाळी बागेला पाणी द्या, कारण ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते. पहाटे वाऱ्याच्या बाजूला ओल्या पाचोळ्याचा धूर करतात, त्याचाही थोडा उपयोग होतो. उत्तरेकडून दाट कुंपण असेल तर सर्वांत बरे.

*हल्ली पारा १५ वर आला की बातम्यांत 'थंडीची लाट' म्हणतात. ही अतिशयोक्ती नाही का? (एक शिक्षिका, नालासोपारा)*

अर्धी आहे. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे किनारपट्टीवर किमान तापमान १५ अंश किंवा त्याहून कमी हवे, आणि शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी खाली हवे. दुसरी अट बातमीत बहुधा गळते. सांताक्रूझची जानेवारीची सरासरी १७ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे तिथे लाट म्हणायला पारा साधारण साडेबारापर्यंत उतरायला हवा.

*डिसेंबर २०१७ मध्ये वादळाचा पाऊस आला होता. हिवाळ्यात वादळ कसे? (एक वाचक, अर्नाळा)*

ते 'ओखी'. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात: पावसाळ्याच्या तोंडावर मे-जून, आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. ओखी ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळ होते. लक्षद्वीपवरून जाऊन ते उत्तरेकडे वळले. आपल्या बाजूला येईपर्यंत गार पाणी आणि वरच्या थरातले उलटसुलट वारे यांनी त्याचा जीव काढून घेतला होता. तरी ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, पालघरच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. अर्नाळ्याच्या लोकांना मी काय सांगावे, वलांडीवर बोंबील वाळत असताना अवेळी सरी आल्या तर वादळाचा जोर मोजायला वारा लागत नाही.

आपल्या किनाऱ्याला याच हंगामात याहून जास्त झोडपणारी वादळे म्हणजे नोव्हेंबर १९४८ चे मुंबईचे वादळ आणि ११ नोव्हेंबर २००९ चे 'फयान'. फयान अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले आणि कोकणातल्या अनेक मच्छीमारांचा बळी घेऊन गेले.

*मुंबईत जून १८८२ मध्ये वादळाने एक लाख माणसे मेली, असे वाचले. खरे का? (एक विद्यार्थी, वसई)*

खोटे. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आत होती. एक लाख म्हणजे जवळजवळ दर आठवा माणूस. एवढा संहार होतो आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांत त्याची ओळ नसते, हे शक्य आहे का? कुलाब्याची वेधशाळाही तेव्हा चालू होती. तरीही हा आकडा यादीमागून यादीत उतरवला जातो.

तुमच्या वसईचे वादळ मात्र खरे आहे. पोर्तुगीज अमदानीत, मे १६१८ मध्ये, माड मुळासकट उपटले गेले आणि चर्चची व मठांची छपरे उडाली, अशी वर्णने आहेत. प्रकल्पाला विषय हवा असेल तर हा घ्या.

गास, सोपारा, अर्नाळा परिसरात १९४८ च्या वादळाची किंवा १९६२ च्या थंडीची लिहिलेली नोंद, हिशेबाच्या वहीत का होईना, कोणाच्या घरी असेल तर तिची छायाप्रत पाठवावी. मूळ वही पाठवू नये.