आपले ताट आणि सर्वांचे ताट

प्रस्तावना

आहाराविषयी मत नाही, असा मनुष्य विरळाच. 'भाताने अंग सुटते', 'अंडे उष्ण पडते', 'नाचणी हे गरिबाचे अन्न' अशी मते घरोघरी ऐकू येतात. ती घरात असतात तोवर त्यांचा परिणाम घरापुरताच राहतो. परंतु शाळेतील लाखो मुलांच्या ताटात काय वाढावे, हा प्रश्न उभा राहिला की तीच मते राजकीय वादाचा विषय बनतात. अशा वेळी आपले मत कसे तपासावे आणि दुसऱ्याचे कसे ऐकावे, याचा विचार या पाठात केला आहे.

पाठ

बंगळूरू शहरातून आग्नेयेकडे जाणारा सर्जापूर रोड आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावापर्यंत पोहोचतो. हा सारा परिसर मुळात नाचणी पिकवणारा. आज या रस्त्याच्या दुतर्फा संगणक कंपन्यांची कार्यालये आणि उंच इमारती दिसतात. नोकरीनिमित्त आलेली मराठी, तमिळ, बंगाली, ओडिया कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहतात. कोणाच्या घरी भाकरी, कोणाकडे मासे-भात, तर कोणाकडे कांदा-लसूणही वर्ज्य. त्यामुळे 'योग्य आहार कोणता?' या प्रश्नाला एकाच मजल्यावर चार उत्तरे मिळतात.

मते कशी बदलतात, हे नाचणीच्या उदाहरणावरून समजते. नाचणीच्या पिठाचा शिजवलेला उंडा, ज्याला कन्नड भाषेत 'मुद्दे' म्हणतात, हे दक्षिण कर्नाटकातील कष्टकऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. कोकणातही नाचणीची भाकरी व आंबील परिचित आहे. मात्र तांदूळ व गहू यांना प्रतिष्ठा आली, तशी नाचणी मागे पडली. वस्तुतः 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते फारच थोडे असते. संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि जुन्याच नाचणीला शहरी दुकानांत नवा मान मिळाला. धान्य तेच राहिले. बदलले ते लोकांचे मत.

अंड्याचा प्रश्न याहून अवघड ठरला. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. भोजन द्यावे यावर पुढे एकमत झाले. पण त्यात काय असावे, यावर झाले नाही. कर्नाटक शासनाने डिसेंबर 2021 मध्ये बीदर, यादगीर, रायचूर यांसह सात जिल्ह्यांत शालेय भोजनात अंडी देण्यास आरंभ केला. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय होती. तरीही काही मठांच्या प्रमुखांनी विरोध केला. शाळा ही सर्वांची जागा आहे, तेथे शाकाहारी मुलांच्या मनात दुजाभाव निर्माण होईल, असे त्यांचे म्हणणे होते. उलट, कोप्पळ जिल्ह्यातील गंगावती येथील शाळकरी मुलींनी आम्हांला अंडी हवीत, असे निर्भयपणे सांगितले. त्यांचे बोलणे राज्यभर पोहोचले.

या वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले होते. अंड्याने मुलांचे पोषण सुधारते काय, हा पहिला प्रश्न. तो वस्तुस्थितीचा आहे आणि त्याचे उत्तर मोजमापाने मिळते. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. यादगीर जिल्ह्यातील अंडी मिळालेली मुले आणि गदग जिल्ह्यातील न मिळालेली मुले यांची तुलना करण्यात आली, तेव्हा यादगीरच्या मुलांची वाढ अधिक आढळली. दुसरा प्रश्न श्रद्धेचा: अंडे खावे की न खावे? येथे तराजू चालत नाही. याचे उत्तर ज्याचे त्याने द्यायचे असते. तिसरा प्रश्न सार्वजनिक निर्णयाचा: सर्वांच्या पैशातून काय द्यावे? तो चर्चेनेच सोडवावा लागतो.

पहिल्या प्रश्नाला श्रद्धेचे उत्तर दिले, तर अशक्त मुलाचे नुकसान होते. दुसऱ्या प्रश्नाला आकडेवारीचे उत्तर दिले, तर माणसाचा अपमान होतो. अंड्यासोबत केळ्याचा पर्याय ठेवण्यात या दोहोंचा मेळ होता. ज्याला हवे त्याला मिळावे, ज्याला नको त्याच्यावर सक्ती नसावी.

पुढे 20 जुलै 2024 रोजी अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि कर्नाटक शासन यांच्यात करार झाला. या संस्थेचे कार्यालय सर्जापूर रोडवरील दोड्डकन्नेल्ली येथे आहे. शासन आठवड्यातून दोन दिवस अंडी देत होते. उरलेल्या चार दिवसांचा खर्च संस्थेने तीन वर्षांसाठी स्वीकारला. त्यासाठी सुमारे 1500 कोटी रुपयांची तरतूद झाली.

महाराष्ट्रात वेगळे घडले. येथे 2023 मध्ये आठवड्यातून एक दिवस अंडे अथवा केळे देण्याचा निर्णय झाला. 2025 च्या आरंभी मात्र शासनाने अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला आणि ते लोकसहभागातून द्यावे, असे शाळांना सुचवले. दोन शेजारी राज्ये एकाच प्रश्नावर वेगळ्या निर्णयांना पोहोचली. निर्णय मतांवर ठरतात आणि मते बदलू शकतात. म्हणूनच ती विचारपूर्वक बनवणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते.

आपल्या ताटात काय असावे, हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. सर्वांच्या ताटाविषयी बोलताना मात्र ज्याच्या घरी दुसरे ताट नाही, त्या मुलाचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे.

शब्दार्थ

वर्ज्य – टाळण्याजोगे, निषिद्ध
दुजाभाव – आपपर भाव, परकेपणा
वस्तुतः – खरे पाहता
मेळ – जुळणी, समन्वय

स्वाध्याय

1. नाचणीविषयीचे लोकांचे मत कसे बदलत गेले, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
2. अंड्याच्या वादात कोणते तीन प्रश्न मिसळले होते?
3. 'दुसऱ्या प्रश्नाला आकडेवारीचे उत्तर दिले, तर माणसाचा अपमान होतो' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
4. आपल्या घरात ऐकू येणारी आहारविषयक तीन मते लिहा. त्यांपैकी कोणते वस्तुस्थितीचे, कोणते श्रद्धेचे व कोणते केवळ सवयीचे आहे, ते सांगा.